मंगळसूत्राखालचा वण

सोमवारची ओपीडी म्हणजे नायट्याच्या पेशंटची रांग. त्या गर्दीतून पस्तिशीची एक बाई सासूबाईंसोबत आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हे कापून टाका."

छातीच्या मधल्या हाडावर चकचकीत, तांबूस, रबरासारखा घट्ट उंचवटा होता. दोन्ही टोकांना फाटे फुटलेले. खेकड्याच्या नांगीसारखं हे पसरणं पाहूनच अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात याला, म्हणजे मूळ जखमेच्या बाहेर पसरत जाणाऱ्या वणाला, केलॉइड म्हटलं. मी मोजपट्टी लावली, साडेचार सेंटिमीटर बाय दोन असं कागदावर लिहिलं आणि उपचारांचं सांगणार, तोच तिच्या मंगळसूत्राकडे लक्ष गेलं. वाट्यांना तिने मऊ कापडाची चिंधी गुंडाळली होती.

"हे कशाला, ताई?"

"वाट्या घासल्या की रात्रभर आग होते. खाज तर विचारूच नका."

सासूबाई पुढे झुकल्या. "दोन वर्षं झाली, धड झोप नाही हिला. झोपेत ओरबाडते. मी शेजारी निजते, हात धरून ठेवते."

माझं पेन थांबलं. इतक्या वर्षांत केलॉइडच्या कितीतरी पेशंटच्या कागदांवर मी लांबी-रुंदी लिहिली होती. झोप लागते का, हे क्वचितच विचारलं होतं. वण दिसतो म्हणून माणसं येतात, असंच मी धरून चालले होते. पण केलॉइड ठणकतो, चुरचुरतो, ओढल्यासारखा वाटतो. त्यातल्या मास्ट पेशी खाज आणणारं हिस्टामिन सोडतात, बारीक मज्जातंतूही चेतवले जातात. कपडा नुसता टेकला तरी कळ येते ती त्यामुळे.

सुरुवात एका साध्या पुटकुळीने झाली होती. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी ती गाठ वाढली. मग कुणीतरी बिबवा लावायला सांगितलं. बिबव्याने कातडी भाजली, फोड आले, आणि ती जखम भरताना वण दुप्पट झाला. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. बिबवा सुचवणाऱ्याने मायेनेच सुचवला असणार.

कापायला मी ठाम नकार दिला. नुसता कापलेला केलॉइड अर्ध्याहून अधिक जणांत परत येतो, पुष्कळदा आधीपेक्षा मोठा होऊन. त्यातून छातीची कातडी हात उचलला तरी ताणली जाते. हा कॅन्सर नाही, कुणाला लागतही नाही, हे दोनदा सांगितलं. सासूबाईंनी ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं.

पाळीची तारीख विचारून, गरोदर नाही याची खात्री करून, ट्रायअ‍ॅम्सिनोलोनचं म्हणजे एका स्टेरॉइडचं इंजेक्शन वणातच द्यायचं ठरवलं. आधी बर्फ लावला, औषधात भूल मिसळली. तरी दुखतंच. गाठ इतकी कडक असते की औषध आत शिरता शिरत नाही, अंगठ्याला जोर लावावा लागतो. तिने सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. दर महिन्याला यावं लागेल, कातडी पातळ किंवा फिकट होऊ शकते, हेही लपवलं नाही. सोबत सिलिकॉनची पट्टी दिली. दिवसाचे बारा तास तरी हवी, रोज धुवायची, घामाने पुरळ आलं तर थोडा वेळ काढून ठेवायची. रात्री खाज उठली की नखं नाही लावायची, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा.

मंगळसूत्राचा विषय कसा काढावा, हे मला सुचेना. ते सासूबाईंनीच सोडवलं. "गळ्याशी काळी पोत घालेल. वाट्या राहतील देव्हाऱ्यात."

तिसऱ्या इंजेक्शनाला आल्या तेव्हा मोजपट्टीवर फरक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा होता. मी खाजेचं विचारलं. पहिल्या दिवशी तिने दहापैकी नऊ सांगितले होते, आता तीन.

"परवा चहा झाला तरी ही उठेना," सासूबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, झोपू दे."