घासलेलं इंजिन आणि बदली इंजिनाची वाट

आडव्या वाऱ्यात उतरणाऱ्या विमानांचे व्हिडिओ लोक आवडीने बघतात. मी देखभालीत काम करतो. माझी नजर जाते ती इंजिनाच्या पोटाकडे. विमान नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं येतं. टेकता टेकता वैमानिक रडरने, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या उभ्या पात्याने, ते धावपट्टीच्या रेषेत आणतो आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ नये म्हणून तो जरा खाली धरतो. ते जास्त झालं, तर बोइंग 747 या चार इंजिनांच्या विमानाचं बाहेरचं इंजिन पंखाच्या टोकाआधीच जमिनीला घासतं.

काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाच्या, तळाशी रंग उडालेला, धातू चकाकणारा पट्टा, वरवर दिसतं ते इतकंच. तेवढ्यावर कुणी 'किरकोळ' म्हटलं की मला राहवत नाही. काउलिंग उघडून नळ्या, पायलॉनचे (इंजिन पंखाला टांगणाऱ्या खांबाचे) जोड, गिअरबॉक्सचे आधार बघायलाच हवेत. शंका उरली तर इंजिन उतरवायचं आणि दुसरं मागवायचं.

ते आणायचं कसं? 747 ला डाव्या पंखाखाली, आतल्या इंजिनाच्या आणि धडाच्या मध्ये, पाचवं इंजिन टांगता यायचं. ते बंदच असतं, नुसतं ओझं. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीने सिडनीहून जोहान्सबर्गला असंच एक नेलं. 23 जून 1985 ला बॉम्बस्फोटात पडलेल्या एअर इंडियाच्या 'कनिष्क'लाही दुरुस्तीला निघालेलं पाचवं इंजिन लावलेलं होतं. दोन इंजिनांच्या विमानांना ही सोय नाही. त्यात बोइंग 777 च्या जीई 90-115 बी या इंजिनाचा पुढचा पंखाच सव्वातीन मीटर व्यासाचा आणि वजन आठ टनांच्या वर. आंतोनोव 124 या अवाढव्य मालवाहू विमानात ते अख्खं मावतं. एरवी बऱ्याचदा पुढचा पंख्याचा भाग सुटा करावा लागतो.

पण मला खरी धास्ती इंजिन ट्रकने नेण्याची. बंद इंजिनात बेअरिंगचे गोळे एकाच जागी टेकलेले असतात. रस्त्याची थरथर तासन्‌तास त्याच ठिकाणी बसली, की रिंगवर बारीक खळगे पडतात. बाहेरून काहीही कळत नाही. म्हणून इंजिन ठेवायच्या स्टँडला धक्के शोषणारे रबरी माउंट आणि ट्रेलरला एअर सस्पेन्शन. मी प्रत्येक माउंटवर बोट फिरवून चिरा बघतो. ट्रेलर साधा निघाला तर इंजिन चढवू देत नाही, विमान खोळंबलेलं असलं तरी.