ताई, हे खरंच वरून येतंय का?

शाळांमध्ये जाऊन मुलांना सॅटेलाइट ऐकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मोठी डिश वगैरे लावावी लागत असेल ना? नाही लागत. हातात मावेल एवढा रेडिओ, एक हलकी अँटेना आणि मैदानात उभी असलेली पंधरा-वीस मुलं, बास. मी हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन लायसन्स घेतलेली हौशी रेडिओवाली, आणि गेली काही वर्षं हेच करतेय, तर त्याबद्दल एकदा नीट लिहावं म्हणून बसलेय.

पहिल्या वेळी काहीच ऐकू आलं नव्हतं. स्पेस स्टेशनचा पास होता, म्हणजे ते क्षितिजावर उगवून आपल्या आकाशातून पार जाण्याची वेळ, त्या आठवड्यात वरून आवाजाच्या रूपात चित्रं पाठवत होते, मुलं आधीपासूनच उड्या मारत होती, पास सुरू झाला आणि आठ मिनिटं रेडिओ गप्प. स्क्वेल्च चढवलेला राहिला होता. स्क्वेल्च म्हणजे ठरावीक ताकदीच्या खालचा आवाज स्पीकरपर्यंत येऊच न देणारी सोय, आणि सॅटेलाइटचा सिग्नल असतोच कमजोर, त्यामुळे तो येत होता तरी आम्हाला कळत नव्हता. मला फार वाईट वाटलं, पोरांचे चेहरे अजून आठवतात. पण स्टेशन साधारण ९३ मिनिटांत एक फेरी मारतं, म्हणजे दीड तासाने पुन्हा डोक्यावर येणार होतं आणि बाई म्हणाल्या थांबू या. दुसऱ्या पासला मी स्क्वेल्च पूर्ण उघडला, आधी नुसती खरखर, मग खरखर हळूहळू बसत गेली आणि त्यातून ती चिरकी, वरखाली होणारी शिट्टी आली. सगळे एकदम शांत. आणि एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, हे खरंच वरून येतंय का, की इंटरनेटवरून?"

मी उत्तर दिलं नाही, अँटेना तिच्या हातात दिली आणि म्हटलं जमिनीकडे कर. आवाज पडला. आता आकाशाकडे. आवाज आला. मग तिने आपणहून अँटेना मनगटात फिरवली, आडवी उभी आडवी, आणि त्याबरोबर आवाज कमीजास्त व्हायला लागला तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, त्यासाठी मी हे करते. पोलरायझेशन, म्हणजे रेडिओची लाट आडवी थरथरते की उभी, हा शब्द तिला माहीत नव्हता, गोष्ट कळली होती, शब्द नंतर सांगितला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेने आधी ऐकावं. सॅटेलाइट बनवायचं नंतर बघू. हल्ली सगळ्यांना क्यूबसॅट, म्हणजे छोटा घनाकार सॅटेलाइट, बनवायचा असतो, मला पण आवडतं ते, १९९९ मध्ये बॉब ट्विग्स आणि जॉर्डी पुइग-सुआरी या दोन प्राध्यापकांनी १० सेंटिमीटरच्या घनाचं माप ठरवून दिलं आणि त्याने खरोखर दार उघडलं. पण बनवायला वेळ किती लागतो ते बघा. अमेरिकेतल्या थॉमस जेफरसन हायस्कूलच्या मुलांचा टीजेथ्रीसॅट घ्या, काम २००६ ला सुरू झालं आणि तो उडाला नोव्हेंबर २०१३ मध्ये. फार मोठं काम केलं त्यांनी, पण ज्या पोरांनी सुरुवात केली ती तोवर कॉलेजसुद्धा संपवून बसली असणार. ऐकायला एक दुपार पुरते. आणि बहुतेक देशांत हौशी बँड नुसता ऐकायला लायसन्स लागत नाही, बोलायचं असेल तर लागतं, तरी आपल्याकडचा नियम एकदा बघूनच घ्यावा.

वर्गात सुरुवात मी ऑस्कर-१ पासून करते. १२ डिसेंबर १९६१, स्पुटनिकला जेमतेम चार वर्षं झालेली, आणि हौशी लोकांनी आपल्या हाताने बनवलेला साडेचार किलोचा डबा एका मोठ्या रॉकेटवर बसून वर गेला. करत काय होता, तर मोर्समध्ये फक्त 'हाय' म्हणायचा. चार डिट, म्हणजे मोर्सचे छोटे ठोके, मग दोन डिट. तीनेक आठवड्यांत बॅटरी संपली. पण खरी गंमत पुढे आहे, तो 'हाय' किती भरभर म्हणतो ते डब्याच्या आतल्या तापमानावर ठरायचं! म्हणजे जगात कुठेही बसलेल्या माणसाने हातात घड्याळ धरून दहा 'हाय'ना किती सेकंद लागले ते मोजलं की अंतराळातल्या डब्याचं तापमान निघायचं. कॉम्प्युटर नको, काही नको. अठ्ठावीस देशांतल्या पाचशेहून जास्त हॅम लोकांनी असे रिपोर्ट पाठवले. मी वर्गात तोंडाने डिट डिट करते, कधी हळू कधी भरभर, मुलं स्टॉपवॉच लावतात, फळ्यावर काढलेल्या आलेखावरून तापमान वाचतात, आणि टेलिमेट्री, म्हणजे लांबच्या वस्तूची मापं रेडिओने मिळवणं, हे समजावून सांगायची वेळच येत नाही.

अशा गोष्टी भरपूर आहेत, १९८८ मध्ये सोव्हिएत आणि कॅनडाच्या लोकांची एक तुकडी उत्तर ध्रुवावरून स्कीइंग करत रशियाकडून कॅनडाला गेली, तेव्हा युओसॅट-२ हा सॅटेलाइट चक्क माणसाच्या आवाजात त्यांची जागा सांगायचा, अक्षांश रेखांश आकड्यांत, ते बर्फावरचे लोक छोट्या रिसीव्हरवर ऐकायचे आणि इकडे शाळेतली मुलं तोच आवाज ऐकून नकाशावर टाचण्या लावायची. आज फोनवर निळा ठिपका बघायची सवय असलेल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती नकाशा मागतातच.

पण मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो डॉप्लरला. अँब्युलन्सचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, जवळ येताना आवाज बारीक, लांब जाताना जाड, लिहून मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी सॅटेलाइटचा सतत वाजणारा एक बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, घ्या, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, लॅपटॉपला तो यूएसबीचा एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपचाच रेडिओ करणारा छोटा तुकडा, लावा आणि दर अर्ध्या मिनिटाला एका मुलाने फ्रिक्वेन्सी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी वहीत लिहायची. साडेसहाशे किलोमीटर उंचीवरचा सॅटेलाइट डोक्यावरून जाणार असेल तर सुरुवातीला फ्रिक्वेन्सी साधारण सव्वातीन किलोहर्ट्झ वर दिसते, शेवटी साधारण तितकीच खाली. ग्राफ काढला की लांबट झोपलेला एस तयार होतो. मग भागाकार, सव्वातीन हजार भागिले साडेचौदा कोटी, गुणिले प्रकाशाचा वेग तीन लाख, आणि उत्तर येतं सेकंदाला ६.७ किलोमीटरच्या आसपास.

आता पुस्तकात त्या उंचीचा वेग साडेसात दिलेला असतो. मुलं म्हणतात चुकलं. इथे घाई करू नका, हात जोडून सांगते, लगेच उत्तर देऊ नका. अशा वेळी मी एका मुलाला वर्गात सरळ रेषेत चालायला लावते आणि दुसरीला बाजूला उभी करते आणि विचारते की हा तुझ्याच दिशेने चाललाय का? नाही ना, तिरका चाललाय, मग त्याच्या वेगातला तुझ्याकडे येणारा वाटा किती? सॅटेलाइट क्षितिजावर असतानासुद्धा तो बरोब्बर आपल्या रोखाने येत नसतो, पृथ्वी गोल आहे आणि तो तिच्याभोवती वळतोय, म्हणून आपण मोजतो तो थोडा कमी वेग. आकडा चुकलेला नव्हता, तोच आकडा पृथ्वी गोल आहे हे सांगत होता. हे एकदा एका मुलाने स्वतःच बोलून दाखवलं आणि त्या दिवशी बाकीचं सगळं मी रद्द केलं, त्यावरच बोलत बसलो. शिवाय एसचा मधला भाग जितका खडा उतरतो तितका सॅटेलाइट जवळून गेलेला असतो, त्यामुळे दोन वेगळ्या पासचे ग्राफ शेजारी ठेवले की कुठला जवळून गेला ते मुलं अॅप न बघता सांगतात.

दुसरा माझा लाडका म्हणजे एओ-७, हाही हौशी लोकांचाच सॅटेलाइट. १५ नोव्हेंबर १९७४ ला सोडलेला, १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट झाली आणि मेला. सगळ्यांनी सोडून दिला. आणि जून २००२ मध्ये, एकवीस वर्षांनी, कुणालातरी तो पुन्हा ऐकू आला! झालं असं की शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटून ओपन सर्किट झाली, म्हणजे सोलर पॅनेलचा करंट जो इतकी वर्षं बॅटरीच्या वाटेने वाया जात होता तो आता थेट ट्रान्समीटरला मिळायला लागला. तेव्हापासून उन्हात असला की जागा, पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद, बाहेर आला की परत जागा. शॉर्ट आणि ओपन यातला फरक मुलांच्या डोक्यात कायम गोंधळलेला असतो, त्यांना वाटतं दोन्ही म्हणजे 'बिघडलं'. एक छोटं सोलर पॅनेल, एक एलईडी, एलईडीच्या दोन टोकांना जोडलेली एक तार. तार लावली की एलईडी बंद, तार कापली की चालू. कापल्यावर चालू झालं, तुटल्यामुळे जिवंत झालं, हे हाताने केलं की तो गोंधळ परत होत नाही.

फनक्यूब-१ तर शाळांसाठीच बनवलेला, २१ नोव्हेंबर २०१३ ला वर गेला, जेमतेम किलोभराचा, आणि ट्रान्समीटर ३०० मिलीवॅटचा, म्हणजे छोट्या टॉर्चपेक्षाही कमी ताकद आणि तरी हजार-दीड हजार किलोमीटरवरून घेता यायचा असा सिग्नल. त्यात काळ्या आणि चकचकीत पृष्ठभागांची तापमानं मोजायची सोय केली, वर्गात आपण करतो तोच प्रयोग, फरक एवढा की वर्गात हवा पण उष्णता नेते आणि वर हवाच नाही. शिवाय तो मागच्या शंभरेक मिनिटांची नोंद साठवून पाठवायचा, त्यामुळे दहा मिनिटं ऐकून अख्ख्या फेरीचा ऊन-सावलीचा ग्राफ मिळायचा. कल्पना इतकी चांगली आहे की प्रत्येक नव्या शालेय सॅटेलाइटने ती उचलावी असं मला मनापासून वाटतं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. अँटेना मुलांकडूनच करून घ्या, टेलरची नव्हे, स्टीलची मोजपट्टी कापून प्लॅस्टिकच्या पाइपवर लावायची. लांबी मुलांनाच काढू द्या, १४५.८ मेगाहर्ट्झची लाट साधारण दोन मीटर सहा सेंटिमीटर, तिचा अर्धा म्हणजे मीटरभर, आणि हे गणित करून कापलेल्या पट्टीत खरंच सिग्नल येतो तेव्हा तरंगलांबी हा शब्द पुस्तकातून बाहेर पडतो. कापलेली टोकं धारदार असतात, टेप गुंडाळा. पासच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेत, आहेत की स्थानिक हे दोनदा बघा. ऑर्बिटचे आकडे ताजे घ्या. भिंतीला खेटून उभे राहू नका. स्टेशनवरून चित्रं येत असतील तर १४५.८०० वर ऐकायचं, एक चित्र यायला सुमारे दोन मिनिटं लागतात, फोनवर डिकोडर, म्हणजे आवाजातून चित्र काढणारं अॅप, टाकून फोन नुसता स्पीकरजवळ धरला तरी ओळीओळीने चित्र उमटतं, थोडं खरखरीत येतं पण ती खरखर आपली असते, मी ती कधी साफ करू देत नाही.

अंतराळवीरांशी थेट बोलायचा कार्यक्रमही असतो, एआरआयएसएसचा, डिसेंबर २००० पासून चालू आहे, दहाएक मिनिटांत मुलं एकेक प्रश्न विचारतात आणि 'ओव्हर' म्हणतात. सुंदर असतो. पण तिथे माइकवर पंधरावीस मुलंच येतात आणि बाकीची शाळा प्रेक्षक होते, म्हणून त्याआधी महिनाभर तरी सगळ्यांनी रोजचे पास ऐकलेले असावेत असा माझा आग्रह असतो, म्हणजे त्या दिवशी मागच्या रांगेतल्या मुलालाही कळतं की आवाज आता का विरत चाललाय.

ऐकून काय होतं असं कुणी म्हटलं की मी केटरिंगचं नाव घेते. इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी नावाचे फिजिक्सचे मास्तर होते, ते मुलांना घेऊन शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर सोव्हिएत सॅटेलाइट ऐकायचे, वेळा लिहायचे, कक्षा काढायचे, वर्षानुवर्षं. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ या सोव्हिएत सॅटेलाइटची कक्षा नेहमीच्या उड्डाणतळाशी जुळेना, पुढच्या काही उड्डाणांचे मार्ग मागे नेऊन पाहिले तर ते उत्तरेला एका जागी छेदत होते, आणि त्या शाळेने जगाला सांगितलं की इथे एक नवा तळ आहे. प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारने तो कबूल केला १९८३ मध्ये.

परवा एका शाळेतल्या वह्या तपासत होते. एका मुलाच्या डॉप्लरच्या ग्राफमध्ये मधे दोन मिनिटांची जागा मोकळी होती, आधी ठिपके, नंतर ठिपके, मधे काहीच नाही. बाकी सगळ्यांनी तिथून छान वळणदार रेघ ओढली होती. मी विचारलं तू का नाही जोडलंस, तर म्हणाला, "तेव्हा तो झाडाआड गेला होता ना ताई, ऐकूच नाही आलं, मग काय लिहू?" वही तशीच परत दिली. पुढच्या पासला बघते तर हा अँटेना घेऊन मैदानाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात उभा, झाडापासून लांब.