वितळपाणी की नळीतला बर्फ?

सीटीडीच्या (समुद्रात खोल उतरवून क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या) आलेखात वरच्या दीडशे मीटरमध्ये क्षारता 33.6 (किलोमागे साधारण तितके ग्रॅम क्षार) आली, शेजारच्या स्थानकांवर 34.2. 'वितळपाणी!' (बर्फ वितळून आलेलं गोडं पाणी) म्हणून जहाजावर कुणाला तरी आनंद व्हायचाच. झाला, आणि किनाऱ्यावर मेलही गेला.

मार्च सरत आला की अंटार्क्टिकाच्या प्रिड्झ उपसागरात डेकवरची हवा उणे दहाच्या खाली जाते. उबदार हँगरमधून रोझेट (सीटीडी आणि नमुन्याच्या बाटल्या बसवलेली चौकट) बाहेर काढल्यापासून पाण्यात उतरेपर्यंतची मिनिटं सगळ्यात वाईट, आणि नेमकी तेव्हाच जहाजाच्या ब्रिजकडून परवानगी यायची असते. क्षारता काढतात पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून; ती मोजणारी नळी काचेची, बारीक, आत प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड. आधीच्या खेपेचं पाणी सिरिंजने नीट काढलं नसेल तर ते आतच गोठतं. बर्फातून वीज जवळपास वाहत नाही, म्हणून पाणी कमी खारट असल्याचा भास होतो. पाण्यात गेल्यावर तरी तो बर्फ वितळावा, तर वरच्या थरात हिवाळ्यात थंड झालेलं उणे 1.8 अंशांचं पाणी अजून तसंच असतं. खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) उतारावर त्याखाली शून्याच्या वरचं खोल पाणी लागतं; तिथे बर्फ सुटतो आणि आकडा एकदम जागेवर येतो.

घनतेची स्वयंचलित तपासणी हे पकडत नाही, याचा मला राग आहे. ती फक्त हलक्या पाण्यावर जड पाणी बसलंय का, एवढंच बघते. इतक्या थंडीत घनता मुख्यतः क्षारतेवर ठरते. त्यामुळे वर गोडं, खाली खारं हे चित्र तिला आदर्शच वाटतं.

त्याच रोझेटवरच्या सेन्सरच्या दुसऱ्या जोडीने बिंग फोडलं: ती सरळ 34.2 दाखवत होती. वर येतानाच्या आलेखात पहिलीही तेच दाखवू लागली. बाटल्यांच्या नमुन्यांनी शिक्कामोर्तब केलं, पण त्याला वेळ लागतो. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पाणी प्रयोगशाळेच्या तापमानाला येऊ द्यायचं, सॅलिनोमीटर प्रमाणित समुद्रजलावर जुळवायचा, मग वाचन. एवढा धीर मेल पाठवणाऱ्याला नव्हता.

वरचा थर टाकून देणं सोपं आहे. अडचण खोलवर आहे. बर्फ सुटल्यावरही दोन जोड्यांत 0.004 चा फरक उरला. गोठताना नळीवर ताण आला असावा. तडा मात्र दिसत नाही. अंटार्क्टिकच्या तळाच्या पाण्यातले दशकांचे बदल याच सुमाराचे असतात. बाटल्यांवरून दुरुस्ती करता येईल, पण हा फरक खोलीनुसार थोडा हलतोय. त्यामुळे तळाची क्षारता मी सध्या दुसऱ्या जोडीचीच धरली आहे आणि पहिली नळी कॅलिब्रेशनला पाठवायला काढून ठेवली आहे.