दोन मॉनिटर: विंडो वेगळी हवी की एक्सेलच वेगळं हवं?

एका मॉनिटरवर मूळ यादी आणि दुसऱ्यावर तिचा गोषवारा, अशी मांडणी मला रोज लागते. ती बसवताना माझी गल्लत एकाच ठिकाणी होत होती. वेगळी विंडो आणि वेगळं चालणारं एक्सेल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दिसायला दोन्ही सारख्याच, पण सूत्र कॉपी करायला गेलं की फरक कळतो.

एक्सेल २०१० पर्यंत सगळ्या फाइल एकाच मोठ्या चौकटीत उघडायच्या. एक फाइल ओढून दुसऱ्या पडद्यावर न्यायची सोयच नव्हती. त्यावर मी दोन उपाय वापरले. पहिला म्हणजे चौकट मॅक्सिमाइझमधून काढून कडा धरून दोन्ही पडद्यांवर ताणायची आणि व्ह्यूमधल्या अरेंज ऑलमध्ये व्हर्टिकल निवडायचं. दोन्ही मॉनिटरची उंची सारखी असेल तर ठीक, नसेल तर खालच्या ओळी आणि शीटचे टॅब पडद्याबाहेर जातात. दुसरा उपाय म्हणजे शिफ्ट दाबून टास्कबारवरच्या आयकॉनवर क्लिक करायचं, नवं एक्सेल सुरू होतं आणि त्यातून फाइल > ओपन करायचं. फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती बहुधा आधीच्याच एक्सेलमध्ये जाऊन बसते.

२०१३ पासून प्रत्येक वर्कबुकला (म्हणजे एक्सेल फाइलला) स्वतःची विंडो आणि स्वतःचा रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, मिळाला. आता दोन फाइल नेहमीसारख्या उघडायच्या, त्यातल्या एकीवर जाऊन विंडोज + शिफ्ट + उजवा किंवा डावा बाण दाबायचा, की ती शेजारच्या पडद्यावर जाते. काहीच हललं नाही तर विंडोज + पी दाबून एक्स्टेंड निवडलंय का ते बघा. डुप्लिकेटवर असेल तर दोन्हीकडे तेच चित्र दिसणार. रिबन दोनदा जागा खातो, म्हणून मी तो कंट्रोल + एफ१ ने मिटवून ठेवतो.

एकाच फाइलमधली दोन शीट दोन पडद्यांवर हवी असतील तर व्ह्यू > न्यू विंडो. ही दुसरी प्रत नव्हे, त्याच फाइलकडे बघायची दुसरी खिडकी आहे. एकीकडे बदललेला आकडा दुसरीकडे लगेच दिसतो. फाइलच्या नावापुढे १ आणि २ असे क्रमांक येतात. गोची फ्रीझ पेन्सची, म्हणजे स्क्रोल करतानाही वरच्या ओळी किंवा डावे कॉलम जागेवर ठेवणाऱ्या सोयीची आहे. बऱ्याच आवृत्त्यांत ते नव्या विंडोत येत नाहीत, आणि पहिली विंडो बंद करून दुसरीतून सेव्ह केलं तर ते फाइलमधूनच जातात. म्हणून मी आधी २ क्रमांकाची विंडो बंद करतो आणि मगच सेव्ह करतो.

एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. तरीही पूर्ण वेगळं एक्सेल कशाला? कारण एकाच एक्सेलमधल्या विंडो आतून बांधलेल्या असतात. एकीत डायलॉग उघडा राहिला की दुसरीही अडते. एका फाइलचं जड गणित चालू असताना दुसरीत टाइप करता येत नाही. कंट्रोल + झेड दोन्ही फाइलमधले बदल केले त्या क्रमाने उलटवत जातं, त्यामुळे नको त्या फाइलमधला आकडा गुपचूप मागे जातो. गणिताची ऑटोमॅटिक-मॅन्युअल सेटिंगही पहिल्या उघडलेल्या फाइलवरून सगळ्यांना लागते. ‘माझी सूत्रं हलतच नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

वेगळं एक्सेल सुरू करायला ऑल्ट दाबून टास्कबारवरच्या एक्सेल आयकॉनवर राइट-क्लिक करायचं, यादीतलं एक्सेल निवडायचं आणि ‘नवं इन्स्टन्स सुरू करायचं का’ हा प्रश्न येईपर्यंत ऑल्ट सोडायचं नाही. मग येस. इन्स्टन्स म्हणजे हेच, वेगळं चालणारं एक्सेल.

आता किंमत. दोन इन्स्टन्समध्ये कॉपी-पेस्ट केलं तर सूत्रं येत नाहीत, नुसते आकडे येतात. बरोबरचं चिन्ह टाइप करून पलीकडच्या फाइलमधल्या सेलवर क्लिक केलं तर संदर्भ उमटत नाही. पर्सनल मॅक्रो वर्कबुक (स्वतःचे मॅक्रो साठवायची, एक्सेलबरोबर आपोआप उघडणारी फाइल) वापरत असाल तर ते आधीच्या एक्सेलने धरून ठेवलेलं असल्याने लॉक असल्याचा संदेश येतो, तिथे रीड-ओन्ली घ्यायचं. माझा नियम सरळ आहे: सूत्रांनी जोडलेल्या फाइल एकाच एक्सेलमध्ये, आणि तासभर गणित करणारी अवजड फाइल वेगळ्यात.

ओळीशी ओळ ताडून बघायची असेल तर व्ह्यू साइड बाय साइड आणि सिंक्रोनस स्क्रोलिंग (दोन्ही विंडो एकत्र सरकवणारी सोय) चालू करतो, पण त्यासाठी दोन्ही विंडो एकाच इन्स्टन्समधल्या लागतात. दोन्हीकडे आधी सुरुवातीची ओळ जुळवून मग ते चालू करायचं, नाहीतर तफावत शेवटपर्यंत तशीच राहते.

दोन मॉनिटरचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) वेगळं असेल, समजा १०० आणि १५० टक्के, तर विंडो हलवल्यावर अक्षरं पुसट दिसू शकतात. फाइल > ऑप्शन्स > जनरलमध्ये एकाहून अधिक डिस्प्लेसाठी दोन पर्याय आहेत, दिसण्याला प्राधान्य किंवा कम्पॅटिबिलिटीला. बदलून एक्सेल बंद-चालू करायचं.

दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो गायब झाली, टास्कबारवर दिसते पण पडद्यावर येत नाही, असं झालं तर ती निवडून ऑल्ट + स्पेस, मग एम, मग एकदा बाणाची कळ. यानंतर माउस हलवला की विंडो त्याला चिकटून आत येते.