टिक काढली, तरी रिक्वेस्ट चालूच

बर्प सूट हे वेबसाइटची सुरक्षा तपासायचं सॉफ्टवेअर. त्याचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, सध्या माझ्याकडे सांभाळायला आहे. मूळ लिहिणारा कधीच दुसऱ्या कामाला लागला. एक्स्टेन्शनचं काम सरळ आहे. अ‍ॅडमिन म्हणून केलेली प्रत्येक रिक्वेस्ट उचलायची, तीत साध्या युजरची कुकी, म्हणजे त्याच्या लॉगिनची ओळख, घालायची आणि सावकाश, एकेक करून पुन्हा पाठवायची. तरीही अ‍ॅडमिनचंच पान परत आलं, तर सर्व्हरचं परवानग्यांकडे लक्ष नाही.

त्या दिवशी मेंटेनन्स रिलीज काढायचं होतं. एक्स्टेन्शनने बर्पशी बोलायच्या जुन्या एक्स्टेंडर एपीआयवरचा कोड 2022मध्ये आलेल्या मोंटोया एपीआयवर आणला होता, लायब्ररी ताज्या केल्या होत्या, बस. "पण लोकांना यात नवीन काय दिसणार?" टीममधल्या ज्युनिअरने विचारलं. काही नाही, म्हटलं.

बीअ‍ॅप स्टोअर या बर्पच्या एक्स्टेन्शन-दुकानाला पाठवण्याआधी बर्प बनवणाऱ्या पोर्टस्विगरचे निकष बघावे लागतात. एक्स्टेन्शन स्वच्छ अनलोड झालं पाहिजे, म्हणजे बंद केल्यावर मागे काही चालू राहता कामा नये, हा त्यातलाच एक. एक्स्टेन्शनच्या नावासमोरची टिक काढल्यावर त्याचा टॅब गेला की झालं, असंच बहुतेक जण धरून चालतात. मी समोर एक लोकल सर्व्हर लावला, आलेली प्रत्येक रिक्वेस्ट टर्मिनलवर छापणारा. पाठवायच्या रिक्वेस्टची रांग भरली आणि टिक काढली. टॅब गेला. टर्मिनलवर मात्र ओळी पडतच राहिल्या, आणि बर्पच्या लॉगरमध्ये, म्हणजे बर्पमधून गेलेल्या रिक्वेस्टच्या नोंदवहीत, त्यांचा पत्ता नाही! कारण मूळ कोड बर्पमार्फत न जाता जावाचा स्वतःचा एचटीटीपी क्लायंट वापरत होता.

आता हे एखाद्या बँकेच्या कामात झालं असतं तर? तिथे टेस्टिंगची वेळ पत्रात लिहून मिळते. ती संपल्यावर गेलेली रिक्वेस्ट म्हणजे विनापरवानगी प्रवेश, आणि आयटी कायदा 2000चं कलम 43 त्यासाठीच आहे. टेस्टर बिचारा टिक काढून घरी गेलेला असायचा.

गंमत म्हणजे अनलोड हँडलरमध्ये, म्हणजे बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये, शटडाउननाऊ हे थांबवायचं फर्मान लिहिलेलं होतंच. पण ते थ्रेडला, म्हणजे मागे रिक्वेस्ट पाठवत बसलेल्या कामाला, मारत नाही, नुसतं इंटरप्ट करतं, म्हणजे टोकतं. थ्रेड होता दोन रिक्वेस्टच्या मधल्या स्लीपमध्ये. तिथे टोकल्याचं इंटरप्टेडएक्सेप्शन यायचं, आणि ते आल्यावर काय करायचं हे लिहायचा खालचा कॅच ब्लॉक रिकामा. हाक मारल्यावर "हो, उठलो" म्हणून कूस बदलणाऱ्या पोरासारखा तो लूप पुढे चालू! कॅचमध्ये लूपमधून बाहेर पडायची एक ओळ घातली. क्लायंट काढून सगळं बर्पच्या एचटीटीपीवर आणलं, त्यात संध्याकाळ गेली.

पुन्हा रांग भरली, टिक काढली. टर्मिनल गप्प. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवली.

रिलीज नोटमध्ये ज्युनिअरने सवयीने "किरकोळ दुरुस्त्या" लिहिलं होतं. ते खोडलं. चालू बर्पमध्येच अपडेट केलं, तर जुन्या आवृत्तीचा थ्रेड मागे जिवंत राहतो. नवा कोड त्याला हातही लावू शकत नाही. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं: आधी बर्प पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करून रांग न भरता अपडेट करा.