उद्यमबागेत चालतं, शिनोळीत अडतं: बिझनेस सेंट्रलमधल्या परमिशन एररचा अनुभव

आमची फाउंड्री बेळगावात उद्यमबागेत, मशीनिंग चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत. अंतर थोडं, पण राज्यं दोन. जीएसटी नंबर एकाचा 29 ने सुरू होतो, दुसऱ्याचा 27 ने. त्यामुळे बिझनेस सेंट्रल या मायक्रोसॉफ्टच्या हिशेब-व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्येही आम्ही दोन वेगळ्या कंपन्या ठेवल्या आहेत. डिस्पॅचचा क्लार्क उद्यमबागेतून शिनोळीला गेला आणि तिथं त्याला सेल्स ऑर्डर दिसायची, उघडायची, पण बदल केला की एरर. गाडी कास्टिंग भरून उभी आणि चलन निघेना.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा अर्धा फोटो येतो. त्यावरून काही कळत नाही. एररच्या चौकटीत तपशील कॉपी करायची सोय असते, तो पूर्ण मजकूर मागवावा. आमच्या मजकुरात कंसात होतं: टेबलडेटा 36 सेल्स हेडर मॉडिफाय, बेस अ‍ॅप्लिकेशन. निम्मं उत्तर इथंच असतं. टेबल म्हणजे माहिती साठवायचा तक्ता. 36 हे टेबल म्हणजे ऑर्डरचा वरचा भाग, 37 म्हणजे त्यातल्या ओळी. मॉडिफाय म्हणजे वाचायला हरकत नाही, बदलायला आहे.

यानंतर बहुतेक जण ‘सुपर’ हा परमिशन सेट, म्हणजे सगळ्या अधिकारांचा गठ्ठा, देऊन मोकळे होतात. तो देऊ नये असं माझं ठाम मत आहे. डिस्पॅचच्या माणसाला मास्टर, बँक, सेटअप सगळं खुलं होतं, आणि अडचण लायसनची असेल तर सुपर देऊनही एरर जात नाही. इथं दोन चाळण्या आहेत, लायसनची आणि परमिशन सेटची. दोन्हींतून जे पार होतं तेवढंच युजरला करता येतं.

म्हणून आधी लायसन बघितलं. मायक्रोसॉफ्ट 365 च्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये युजरवर इसेन्शियल्स हे पूर्ण कामाचं लायसन आहे की टीम मेंबर हे मर्यादित, हे दिसतं. टीम मेंबर असेल तर शोध तिथंच संपतो. त्या लायसनवर वाचन आणि कोटेशन चालतं, पण ऑर्डर करून पोस्ट, म्हणजे हिशेबात पक्की नोंद, करता येत नाही. लायसन बदललं तर युजर्सच्या पानावरून ‘अपडेट युजर्स फ्रॉम मायक्रोसॉफ्ट 365’ चालवावं लागतं. आमच्याकडे इसेन्शियल्सच होतं.

मग युजरला प्रत्यक्षात कुठले अधिकार आहेत ते दाखवणारं ‘इफेक्टिव्ह परमिशन्स’ हे पान उघडलं. यात युजर आणि कंपनी दोन्ही निवडता येतात, आणि खरी गोम कंपनीत असते. उद्यमबाग निवडली तर टेबल 36 समोर मॉडिफाय ‘येस’. शिनोळी निवडली तर रिकामं. खालच्या भागात कुठला अधिकार कुठल्या सेटमधून आला ते येतं. वाचनाचा सेट सगळ्या कंपन्यांना लागू होता, म्हणून ऑर्डर दिसत होती. बदलाचा सेट फक्त उद्यमबागेपुरता होता. युजर कार्डवर प्रत्येक परमिशन सेटसमोर कंपनीचा रकाना असतो. तो रिकामा म्हणजे सगळ्या कंपन्या, नाव भरलेलं म्हणजे तेवढीच. ओळ वाढवली, शिनोळी निवडली, क्लार्कला साइन आउट करून पुन्हा आत यायला सांगितलं. जुन्या सेशनमध्ये तपासून ‘अजून होईना’ म्हणणं हा वेळेचा मोठा अपव्यय आहे.

ऑर्डर बदलू लागली, पण पोस्ट करताना नवी एरर, यावेळी टेबल 110, सेल्स शिपमेंट हेडर. कारण ‘डी365 सेल्स डॉक, एडिट’ या सेटमध्ये कागद करता येतो, पोस्टिंग नाही. त्यासाठी ‘पोस्ट’चा वेगळा सेट आहे. एक शिपमेंट पोस्ट झालं की 110, त्याच्या ओळींचं 111, आयटम लेजर एंट्रीचं (मालाच्या हालचालीची नोंद) 32, व्हॅल्यू एंट्रीचं (मालाच्या किमतीची नोंद) 5802 अशी कितीतरी टेबलं हलतात. एकेक एरर बघत एकेक टेबल जोडत बसू नका. लेजरच्या टेबलांना थेट अधिकार देऊही नका. तिथं ‘इनडायरेक्ट’ पुरतं, म्हणजे पोस्टिंगमार्फत नोंद होते, हाताने नाही.

तयार सेट बदलता येत नाहीत, म्हणून स्वतःचा नवा सेट केला आणि ‘रेकॉर्ड परमिशन्स’ वापरलं, म्हणजे काम करताना लागलेले अधिकार आपोआप नोंदवायची सोय. स्टार्ट दाबायचं, दुसऱ्या विंडोत टेस्ट कंपनीत ऑर्डरपासून पोस्टिंगपर्यंत सगळं काम करायचं, परत येऊन स्टॉप. रेकॉर्डिंग पूर्ण अधिकार असलेल्याने करावं. जी वाट चालली नाही तिचे अधिकार येत नाहीत. माल परत येण्याचा कागद आणि क्रेडिट मेमो त्याच वेळी करून घ्या, नाहीतर पहिलं रिजेक्शन आलं की पुन्हा फोन.

काही संदेश परमिशनसारखे वाटतात, पण नसतात. पोस्टिंगची तारीख चालत नाही असं आलं तर ‘युजर सेटअप’मधल्या पोस्टिंगच्या तारखा बघा. युजर वेअरहाऊस एम्प्लॉयी, म्हणजे त्या गोदामासाठी नोंदवलेला माणूस, नाही असं आलं तर त्या लोकेशनसाठी त्याचं नाव वेअरहाऊस एम्प्लॉयीजमध्ये घाला. सेट कितीही दिले तरी हे दोन हलत नाहीत.

माणूस एका युनिटमधून दुसरीकडे गेला की जुन्या कंपनीची ओळ त्याच दिवशी काढायची. नोकरी सोडली तर युजर कार्डवर स्टेट ‘डिसेबल्ड’ करायचं आणि अ‍ॅडमिन सेंटरमधून लायसन मोकळं करायचं. युजर डिलीट करायचा नाही, कारण जुन्या नोंदींवर त्याचं नाव असतं आणि ऑडिटला ते लागतं.