टिंब कुठलं, स्वल्पविराम कुठला

आज दिवसभर जर्मनीहून आलेल्या किमतींच्या फाइलीत डोकं घालून बसलो होतो. तिथे १.२३४,५६ म्हणजे आपले १,२३४.५६. टिंब हजार वेगळे करतं, स्वल्पविराम दशांश दाखवतो.

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतलं डेसिमल पार्स, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, चालू प्रादेशिक सेटिंग धरूनच आकडा वाचतं. अमेरिकन सेटिंगच्या सर्व्हरवर १२,५० दिलं की साडेबाराऐवजी सरळ १२५० हातात येतात. एरर नाही, वॉर्निंग नाही, कारण हजारांचा स्वल्पविराम योग्य जागी आहे का हे ते तपासतच नाही. यापेक्षा प्रोग्राम बंद पडलेला परवडला! बिल ग्राहकाकडे जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

अंदाज लावणारा कोड तर मला अजिबात पटत नाही. नुसतं १.२३४ बघून ते सव्वाच्या आसपास आहे की बाराशे चौतीस, हे कोण सांगणार? मजकूर कुठल्या पद्धतीचा आहे ते कोडमध्ये स्पष्ट लिहा. जर्मन फाइलीला जर्मन कल्चर (सी शार्पमध्ये प्रादेशिक सेटिंगचं नाव), दोन सिस्टिममधल्या देवाणघेवाणीला इन्व्हेरियंट, म्हणजे कुठल्याच देशाशी न बांधलेलं, कायम तेच राहणारं कल्चर. फ्रेंच आकड्यांत तर हजारांच्या जागी न तुटणारी स्पेस असते, ती डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते.

आणि आपले देवनागरी अंक? पायथन ते बिनतक्रार वाचतं, सी शार्प नाकारतं, जावास्क्रिप्ट नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं उत्तर देतं. मराठी फॉर्ममध्ये कुणी देवनागरीत रक्कम भरली तर ती स्वीकारली गेलीच पाहिजे. आधी अंक बदलून घ्यायला चार ओळी पुरतात, त्या मी उद्या लिहितोय.